अर्धी कोलांटी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, तेवढ्या काळात ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं या विचाराच्या, किती प्रशिक्षणांना बसलो ते मोजलेलं नाही. पडद्यावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंचा फोटो यायचा, खाली ‘कृतीतून शिक्षण’ एवढंच लिहिलेलं, आणि मग चहा. शाळेत परतून आम्ही फरशीवर गोल रंगवायचो. गोलांबद्दल तक्रार नाही. पण बाहेरून आलेला विचार आम्हाला फक्त राबवायला मिळाला, त्याच्याशी भांडायला कधीच मिळाला नाही.

हेच ड्यूई १९१९ ते १९२१ चीनमध्ये व्याख्यानं देत हिंडले. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरची, अधिकारी निवडणारी राजपरीक्षा १९०५ मध्येच बंद झाली होती आणि तरुणांना तो म्हातारा अडगळीत टाकायचा होता. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले ड्यूईंचे विद्यार्थी, चिनी शिक्षणतज्ज्ञ ताओ शिंगझी यांनी मात्र दोघांनाही सोडलं नाही. त्यांचं आधीचं नाव झीशिंग, म्हणजे ‘ज्ञान-कृती’. ज्ञान आणि कृती एकच, ज्ञान ही कृतीची सुरुवात, या वांग यांगमिंग या कन्फ्यूशियन विचारवंताच्या शिकवणीवरून घेतलेलं. १९३४ मध्ये त्यांनी ते उलटवून शिंगझी केलं: ‘कृती-ज्ञान’. (‘आधी केलेचि पाहिजे’ म्हणणाऱ्या समर्थांना हसू आलं असतं.) गुरूंचीही त्यांनी गय केली नाही. ‘शिक्षण म्हणजे जीवन’ याचं त्यांनी ‘जीवन म्हणजे शिक्षण’ केलं, आणि ड्यूईंना आपण अर्धी कोलांटी मारायला लावली असं ते सांगत. १९२७ मध्ये नानजिंगजवळच्या श्याओझुआंग गावी त्यांनी शिक्षक घडवणारी शाळा काढली. तिथे भावी शिक्षक शेतात राबत. १९३० मध्ये सरकारने ती बंद पाडली.

कन्फ्यूशियस म्हणजे घोकंपट्टी, असं आम्हीही सरसकट बोलतो. पण एक कोपरा दाखवल्यावर जो उरलेले तीन शोधून आणत नाही, त्याला मी पुन्हा शिकवत नाही, असं म्हणणारा माणूस घोकंपट्टीचा कसा? शिकवताना माणसामाणसांत भेद करू नये, हेही त्याचंच.

हे वाचताना आपल्याला बाबासाहेब आठवले असतीलच. १९१३ ते १९१६ ते कोलंबियात होते, ड्यूईंच्या वर्गात बसले आणि त्यांचं ऋण त्यांनी जाहीरपणे मानलं. ताओ तिथे पोचले १९१५ मध्ये. एकाच गुरूचा विचार एकाने जातीविरुद्धच्या लढ्यात वापरला, दुसऱ्याने खेड्यातल्या शाळेत. आमच्या प्रशिक्षणाच्या पडद्यावर मात्र गुरू एकटाच.

मागणं मोठं नाही. आपल्या राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेच्या मासिकाचं नावच ‘जीवन शिक्षण’ आहे. त्याचा एक अंक बाबासाहेब, ताओ आणि ड्यूई यांच्यावर काढावा. आणि दर प्रशिक्षणातला एक दिवस कोरा ठेवावा. त्या दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींनी खाली बसावं आणि शिकवलेलं आपल्या शाळेत कुठे अडलं, ते शिक्षकांनी फळ्यापाशी उभं राहून सांगावं. चहा नेहमीप्रमाणे खात्याचा चालेल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक