खिचडीवाल्यांनी बाहेर बसा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायस्कूलमधल्या एकोप्याच्या कार्यक्रमाची बातमी कालच्या अंकात वाचली. मुलांनी एकमेकांना दोरे बांधले, एकमेकांच्या वहीत दोन चांगले शब्द लिहिले. चांगलंच झालं. माझी मुलगी त्याच शाळेत आठवीला आहे, तिनेही दोरा बांधून घेतला. पण मधल्या सुट्टीत तिथे काय चालतं ते तुमच्या वार्ताहराने पाहिलेलं दिसत नाही.

घंटा झाली की डबा आणणारी मुलं वर्गात आणि पोषण आहार घेणारी व्हरांड्यात. "खिचडीवाल्यांनी ताटं घेऊन बाहेर बसा," असं बाईच ओरडून सांगतात. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण पाचवीपासून एका बाकावर बसतात. दिवाळीनंतर एकदा ही आपला डबा घेऊन मैत्रिणीशेजारी व्हरांड्यात जाऊन बसली. बाईंनी सगळ्यांदेखत तिला आत बोलावलं. "तुझा डबा आहे ना, मग त्यांच्यात कशाला बसतेस?"

त्यांच्यात! त्या दिवशी भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या जशाच्या तशा घरी आल्या. मैत्रिणीने तर दुसऱ्या दिवसापासून ताटच धरलं नाही. भूक नाही म्हणायची आणि पाच वाजेपर्यंत पाण्यावर राहायची. तिची आई सकाळी सातला भांगलणीला जाते. त्या पोरीला डबा कोण करून देणार?

हा आहार सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांसाठी आहे. शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला. मुलांनी एका पंगतीत जेवावं हाही या योजनेचा हेतू आहे. मग ती गरिबांची खिचडी कशी झाली? मुख्याध्यापकांना भेटले तर म्हणाले, सांडलवंड होते, बाहेर झाडायला सोपं जातं. मग डबेही बाहेरच खाऊ देत, असं मी म्हणाले. त्यावर "बघू" म्हणाले. रोज प्रार्थनेला "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणायला लावता, मग बांधवांना जेवायला वेगळं का बसवता?

आणि संपादकसाहेब, बातमीबरोबरच्या फोटोत आठ पाहुणे आणि त्या आठांचीही नावं! मूल मात्र एकच, तेही कडेला अर्धं कापलेलं. कार्यक्रम मुलांचा होता ना?

गेल्या सोमवारपासून मी मुलीला डबा देणं बंद केलं आहे. ती ताट घेऊन मैत्रिणीबरोबर व्हरांड्यात बसते आणि मैत्रीण पुन्हा जेवू लागली आहे. आता बाईंना हिला आत बोलावता येत नाही. जूनमध्ये दोघी नववीत जातील. नववीला पोषण आहार नाही. तेव्हा डब्यात दोन पोळ्या जास्त घालीन, पण त्या दोघींना एका ठिकाणी बसून खाऊ द्या, एवढंच शाळेला सांगणं आहे.

– आठवीतल्या मुलीची आई, जि. सातारा