खबार नदीकाठचा यहेज्केल: आई-बाबांना पत्र

प्रिय आई आणि बाबा,

सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही बोललात ते डोक्यातून जातच नाहीये. पुण्याला दादाकडे राहायला आल्यापासून देव नगरच्या आपल्या चर्चमध्येच मागे राहिला असं वाटतं, आणि टीव्हीवर ही युद्धं बघून वर कोणी लक्ष देतंय का तेच कळत नाही, असं म्हणालात. मग आईने गोळ्यांचा विषय काढला आणि ते तसंच राहून गेलं. फोनवर असलं काही मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहितेय, लांबेल जरा, दादाला सांगा अक्षर मोठं करून द्यायला.

तुम्ही आम्हाला लहानपणी बायबलमधला दानीएल खूप सांगितलात, सिंहांची गुहा, आगीची भट्टी, सगळं पाठ होतं. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाकडे मात्र घरात कोणी फारसं वळायचं नाही, चाकं काय, डोळे काय, चार तोंडांचे प्राणी काय. सध्या मी तोच वाचतेय आणि मला वाटतं तुम्ही जे विचारलंत तेच त्याच्या आजूबाजूची सगळी माणसं विचारत होती.

तो याजक घराण्यातला. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं, मंदिर तेव्हा पाडलं नाही पण यहोयाखीन राजा, दरबारी, सैनिक, लोहार, कारागीर सगळे उचलून नेले, त्यात हाही गेला. खबार नदी म्हणतात ती बहुतेक निप्पूर शहराजवळचा एक मोठा कालवा, सपाट मुलूख, विटांची माती, आणि तिथे या लोकांची वस्ती. पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत तिसावं वर्ष लिहिलंय, बरेच अभ्यासक म्हणतात ते त्याचं स्वतःचं वय असावं. मंदिरसेवेला उभं राहायचं वय तीसच होतं ना बाबा, गणनाच्या पुस्तकात आहे बघा. म्हणजे ज्या वर्षी तिथे उभं राहायचं त्याच वर्षी हा परक्या कालव्याच्या काठावर बसलाय, मंदिर शेकडो मैल लांब, आणि तिथे त्याला देवाचं सिंहासन दिसतं आणि त्या सिंहासनाखाली चाकं आहेत. चाकं का आहेत ते दहाव्या-अकराव्या अध्यायात कळतं, देवाचं तेज मंदिराच्या उंबरठ्यावरून उठतं, पूर्वेच्या दारापाशी थांबतं आणि शहर सोडून निघून जातं. शहर पडायच्या आधीच. आणि मागे यरुशलेममध्ये राहिलेले लोक म्हणत होते की ते गेलेले देवापासून लांब गेले, जमीन आता आपलीच. त्यावर देव म्हणतो, मी त्यांना लांब पाठवलं खरं, पण ज्या देशांत ते गेले तिथे थोडा काळ मीच त्यांचं पवित्रस्थान झालो. 11:16 काढून वाचा, आईला पण मोठ्याने वाचून दाखवा.

आता युद्धांचं. मी मागे ब्रिटिश म्युझियमला गेले होते तिथे बाबेलच्या बखरीची एक मातीची पाटी आहे, तळहाताएवढी, दोन्ही बाजूंनी बारीक खिळ्यांसारखी अक्षरं. त्यात लिहिलंय की राजाने सातव्या वर्षी सैन्य काढलं, यहूदाच्या नगराला वेढा घातला, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी नगर घेतलं, राजाला पकडलं, आपल्या पसंतीचा राजा बसवला, भरपूर खंडणी नेली. बस. सगळं राजाने केलं. देवाचं नाव नाही, रडणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही. त्याच म्युझियममध्ये मातीचं एक मेंढराचं काळीज, म्हणजे यकृत, पण ठेवलंय, नबुखद्नेस्सराच्या कितीतरी शतकं आधीचं, त्यावर चौकोन आखलेत, प्रत्येकात काहीतरी लिहिलंय आणि भोकं पाडलीत, शकुन बघायला शिकवण्यासाठी. ते बघितलं आणि मला एकविसावा अध्याय एकदम डोळ्यासमोर आला. राजा फाट्यावर उभा आहे, एक रस्ता अम्मोन्यांच्या राब्बाकडे, एक यरुशलेमकडे, तो बाण हलवतो, मूर्तींना विचारतो, काळीज बघतो, आणि कौल यरुशलेमचा निघतो. त्याला वाटतंय आपण आपल्या दैवतांना विचारून ठरवलं. आणि यहेज्केल इकडे वस्तीत बसून आधीच सांगतोय की हे परमेश्वराकडून आहे, त्या राजाला माहीतही नाही. बाबा, मला हा सगळ्या पुस्तकातला सगळ्यात धीट परिच्छेद वाटतो, कारण हरलेल्या माणसाने असं म्हणणं सोपं नाही. तेव्हा सगळे हेच समजायचे की ज्याचं शहर पडलं त्याचा देव हरला.

पण यात गोड काही नाही, हेही लिहिते. चोविसाव्या अध्यायात त्याची बायको जाते, संध्याकाळी, आणि देवाने आधीच बजावलेलं असतं की रडायचं नाही, फेटा बांधायचा, पायात जोडे घालायचे, कारण आता लोकांचंही असंच होणार, रडायलाही सुचणार नाही. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी ती गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं तसं केलं. एवढंच लिहिलंय. मी त्यापुढे बराच वेळ काही वाचू शकले नाही आणि याचं मला कोणी भाषणात उत्तर दिलेलं नकोही आहे. देव इतिहास चालवतो असं म्हणणारा हा माणूस स्वतः त्याच इतिहासाखाली सापडलेला होता म्हणून मी त्याचं ऐकते.

आणि बाबा, दादाची नोकरी गेली ती तुमच्याच कुठल्यातरी पापामुळे असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. अठरावा अध्याय वाचा. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण तिथल्या लोकांच्या तोंडात बसली होती आणि देव शपथ घालून सांगतो की ही म्हण पुन्हा काढू नका. तुम्हीही काढू नका, मी मनापासून सांगतेय. आमचे दात ठीक आहेत.

एक गोष्ट मात्र मला तुम्हालाच विचारायचीय, कारण तुम्ही इतकी वर्षं चर्चच्या मंडळीचे वडील (एल्डर) म्हणून वचन सांगितलंत. सव्विसाव्या अध्यायात सोर शहराबद्दल म्हटलंय की बाबेलचा राजा ते लुटेल. मग एकोणतिसाव्यात, इ.स.पू. 571 च्या सुमाराचं वचन आहे, त्यात देवच म्हणतो की त्याच्या सैन्याने सोरसमोर राबराबून डोक्याचे केस गेले, खांदे सोलवटले आणि हाती काही लागलं नाही, म्हणून त्याची मजुरी मी त्याला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, देतो. जोसेफस हा जुना यहुदी इतिहासकार म्हणतो वेढा 13 वर्षं चालला. यहेज्केलाने आधीचं वचन खोडलं नाही, नंतरचं लपवलं नाही, दोन्ही तसंच ठेवलं. एवढा मोठा सम्राट, आणि इथे तो देवाकडे मजुरीला लावलेला गडी, तोही पगार थकलेला! मला हे फार आवडतं पण नीट उलगडत नाही. तुम्ही काय समजता? रविवारी फोन करते तोपर्यंत वाचून ठेवा, आणि आई, तू मध्येच गोळ्यांचं काढू नकोस, आधी मला हे ऐकायचंय.

तुमची लाडकी,
बेबी