झिरो-टर्न मॉवरच्या निवडीबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
गृहनिर्माण सोसायटी.

विषय : लॉनसाठी बसून चालवायचे झिरो-टर्न मॉवर निवडण्याबाबत.

महोदय,

दोन्ही लॉनच्या गवतकापणीसाठी बसून चालवायचे झिरो-टर्न मॉवर, म्हणजे जागच्या जागी वळणारे गवतकापणी यंत्र, घेण्याचे समितीने ठरवले असून, त्यासाठी तयार केलेला तुलनातक्ता सूचनाफलकावर लावला आहे. त्यात ५४ इंची डेकच्या (डेक म्हणजे यंत्राखालचे, पाती झाकणारे पत्र्याचे कवच) यंत्राला पहिली पसंती दिलेली दिसते. यंत्र घेण्यास माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आपली दोन्ही लॉन मिळून सुमारे ७,००० चौरस मीटर आहेत आणि सध्याच्या २१ इंची ढकलायच्या मॉवरने एक पूर्ण कापणी करायची म्हणजे माळीकाकांना त्या यंत्रामागे १३ किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात ते धरले तर अंतर आणखी वाढते. तेव्हा गरज खरी आहे. माझा आक्षेप तक्त्याच्या रकान्यांना आहे. त्यात डेकची रुंदी, अश्वशक्ती आणि कमाल वेग एवढेच आहे. ज्या जमिनीवर हे यंत्र फिरणार, तिच्याविषयी एकही रकाना नाही. कारखान्याच्या देखभाल विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, मी रविवारी मोजपट्टी घेऊन खाली उतरलो आणि माळीकाकांच्या मदतीने काही मापे घेतली. ती आपल्यासमोर ठेवतो.

पहिले माप दोन्ही लॉनच्या मधल्या फाटकाचे. फाटक पूर्ण उघडल्यावर दोन खांबांमध्ये ५० इंच मोकळी जागा राहते. ५४ इंची डेकचे यंत्र त्यातून जाणारच नाही. मागच्या लॉनवर न्यायचे झाले तर ते मुख्य दारातून बाहेर काढून, गाड्यांच्या वाटेने, वाहनतळाला वळसा घालून आणावे लागेल. ४२ इंची डेकचे यंत्र जाईल, परंतु तेथेही एक गोष्ट पाहावी लागेल. डेकच्या बाजूला कापलेले गवत बाहेर टाकणारी जी झडप असते, ती खाली असताना यंत्राची एकूण रुंदी डेकपेक्षा बरीच जास्त भरते. म्हणून विक्रेत्याकडून डेकच्या रुंदीबरोबर झडप खाली सोडलेली आणि वर दुमडलेली अशा दोन्ही स्थितींतील एकूण रुंदी लेखी मागवावी. फाटकातून जाताना पाती बंद करून झडप वर घ्यावी आणि पलीकडे गेल्यावर ती पुन्हा खाली सोडल्याशिवाय पाती सुरू करू नयेत. त्या झडपेचे खरे काम उडणारा खडा अडवण्याचे आहे. ती दोरीने कायमची वर बांधून ठेवलेली यंत्रे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मोठ्या डेकमुळे वेळ वाचेल, असा मुद्दा बैठकीत आला होता. तो हिशेब करून पाहिला. ताशी ७ किलोमीटर वेग धरला आणि वळणे व एकमेकांवर चढणारे पट्टे यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तर ४२ इंची डेकने आपले सर्व गवत सुमारे १ तास १० मिनिटांत कापून होते आणि ५४ इंचीने सुमारे ५५ मिनिटांत. म्हणजे फरक पाव तासाचा. तोही मोकळ्या मैदानावरचा. आपल्या पुढच्या लॉनवर १९ झाडे, ४ बाके आणि मुलांचा झोपाळा आहे. रुंद डेक जेथे शिरत नाही तेथे मागे राहिलेले गवत हातयंत्राने काढावे लागते आणि वाचलेला पाव तास तेथेच खर्च होतो. तक्त्यातल्या कमाल वेगाचेही तसेच. त्या वेगाने यंत्र जागा बदलू शकते, पण गवत नीट कापायचे तर वेग त्याहून पुष्कळ खाली आणावा लागतो, नाहीतर गवताची काही पाती न कापता नुसती आडवी होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहतात.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते उताराचे. पश्चिमेच्या बाजूला वाहनतळाच्या भिंतीकडे जी हिरवळ उतरत जाते, तिच्यावर आम्ही एक मीटर लांबीची सरळ फळी ठेवली, लेव्हलने ती आडवी सपाट केली आणि फळीच्या उताराकडच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. मीटरमागे १८ सेंटीमीटर उतार म्हणजे सुमारे १० अंश आणि २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. आपल्याकडे वरच्या भागात १४ ते १६ सेंटीमीटर भरले. भिंतीजवळच्या पट्ट्यात मात्र एका ठिकाणी २९. बसून चालवायच्या बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकांमध्ये १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नये असे बजावलेले असते, आणि काही लहान मॉडेलांना तर ही मर्यादा १० अंशांचीच असते.

झिरो-टर्नच्या बाबतीत या मर्यादेला अधिक मान द्यावा लागतो, आणि त्याचे कारण त्या यंत्राच्या रचनेतच आहे. त्याची मागची दोन चाके दोन स्वतंत्र मोटारींवर चालतात, पेट्रोलच्या यंत्रात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरच्या) पंप-मोटारींवर आणि बॅटरीच्या यंत्रात विजेच्या. डावी दांडी डाव्या चाकाची, उजवी दांडी उजव्या चाकाची. एक पुढे आणि दुसरी मागे केली की यंत्र जागच्या जागी गिरकी घेते, हेच त्याचे वैशिष्ट्य. पुढची दोन चाके मात्र ट्रॉलीच्या चाकांसारखी नुसती लटकलेली असतात. ती वाट दाखवत नाहीत, जिकडे ढकलले जाईल तिकडे वळतात. म्हणजे वळवणे आणि थोपवणे ही दोन्ही कामे मागच्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून. ओल्या गवतावर उतारात ती पकड सुटली, की चालकाच्या हातातल्या दांड्यांना अर्थ उरत नाही आणि पुढची चाके उताराच्या दिशेने निघतात. आपल्या उताराच्या शेवटी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सरळ खाली वाहनतळ. कड्यापासून किंवा भिंतीच्या काठापासून यंत्राच्या दोन रुंदींइतके अंतर राखावे, असे पुस्तिकांत सांगितलेले असते. त्यामुळे तो सगळा पट्टा या यंत्रासाठी वर्ज्य समजावा, जमिनीवर चुन्याची रेघ मारून तो दाखवावा आणि तेथे सध्याचे ढकलायचे मॉवरच वापरावे. माझे व्यक्तिगत मत विचाराल तर त्या पट्ट्यातले गवत काढून तेथे जमिनीलगत पसरणारी झुडपे लावली, तर कोणालाच तेथे यंत्र न्यावे लागणार नाही.

याच कारणासाठी चालकाच्या आसनामागे उलटण्यापासून वाचवणारी कमान आणि सीटबेल्ट असलेलेच मॉडेल घ्यावे. कमान उभी असेल तेव्हा बेल्ट बांधलेलाच असला पाहिजे. फांद्यांखालून जाण्यासाठी कमान खाली दुमडली असेल तेव्हा बेल्ट बांधू नये, कारण त्या स्थितीत यंत्र उलटले तर चालक त्याच्याशी जखडलेला राहतो. हा फरक माळीकाकांना प्रत्यक्ष करून दाखवावा लागेल. आणि ज्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या आहेत त्या आधीच छाटून घेतल्या, तर कमान दुमडण्याची वेळच येणार नाही.

गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या यंत्राने पुढच्या लॉनवर काय केले, हे आपण पाहिले असेलच. चालकाने प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक चाक रोखून त्याच्याभोवती गिरकी घेतली. सर्वांनी कौतुक केले. यंत्र गेल्यावर तेथे तीन अर्धचंद्र उरले. त्यांतल्या एकाची कड मी बोटाने उचलली तेव्हा गवत मुळांसकट गालिच्याच्या तुकड्यासारखे वर आले. दोष यंत्राचा नव्हे, चालवण्याच्या पद्धतीचा. टोकाला थोडे मागे घेऊन, दोन्ही चाके फिरती ठेवून इंग्रजी वाय अक्षरासारखे वळण घेतले तर गवत फाटत नाही. परंतु हे हाताला वळण लागण्याचे काम आहे, म्हणून खरेदीच्या अटींतच दोन-तीन सत्रांचे प्रशिक्षण आपल्या लॉनवर द्यावे असे नमूद करावे. यंत्राचे वजन काही क्विंटल असते, त्यामुळे ओल्या जमिनीवर ते चालवू नये आणि दर कापणीला पट्ट्यांची दिशा बदलावी, म्हणजे चाकोऱ्या पडणार नाहीत.

त्याच प्रात्यक्षिकात आणखी एक प्रकार घडला, तो नमूद करणे मला आवश्यक वाटते. यंत्र थांबलेले असताना एका लहान मुलाला चालकाच्या मांडीवर बसवून छायाचित्र काढले गेले आणि मग ‘एक फेरी’ मारण्याची मागणी झाली. ती नाकारली गेली, हे चांगले झाले. पूर्ण गतीने फिरणाऱ्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक असतो, आणि मांडीवरचे मूल घसरले तर ते पुढेच, म्हणजे डेकच्या दिशेने पडते. आसनावरून चालक उठताच पाती बंद करणारा स्विच असला तरी मूल पडताना चालक आसनावरच असतो, हे लक्षात घ्यावे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था १६ वर्षांखालील मुलांनी बसून चालवायचे मॉवर चालवू नये आणि त्यावर मुलांना सोबत बसवू नये असे सांगते. यंत्राची चावी कार्यालयात कुलपात राहावी, कापणीच्या वेळी लॉन मुलांसाठी बंद असावे आणि त्याआधी एकाने फिरून खडे, तारा, चेंडू उचलावेत.

यंत्राच्या अंतर्गत बाबींपैकी दोनच गोष्टींवर मी भर देईन. एक म्हणजे डेकचा पत्रा. गेज या मापात आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १२ गेज म्हणजे साधारण २.७ मिलिमीटर आणि १० गेज म्हणजे साधारण ३.४. आपल्याकडे झाडांची मुळे वर आलेली आहेत, तेव्हा १० गेजचा, जोडून बनवलेला डेक असल्यास उत्तम. दुसरी म्हणजे, यंत्र पेट्रोलचे असल्यास, हायड्रॉलिक संच. काही यंत्रांत तो कायमचा बंद असतो, तर काहींत त्याचे तेल आणि फिल्टर बदलता येतात. बदलता येणारा संच घ्यावा, कारण अशा यंत्रात सर्वांत महागडे दुखणे तेथूनच सुरू होते. अश्वशक्तीबद्दल फारसे लिहीत नाही. ४२ इंची डेकसोबत जी येते ती आपल्याला पुरते.

पेट्रोल की बॅटरी, यावर माझे मन दोन दिवस डोलत होते. हात इंजिनावर घडलेला असल्यामुळे ओढा पेट्रोलकडे होता. परंतु तळमजल्याच्या शयनगृहांच्या खिडक्या लॉनपासून चार-पाच पावलांवर आहेत, पेट्रोलच्या यंत्राच्या चालकाला कानसंरक्षक घालावे लागतात इतका त्याचा आवाज असतो, आणि पेट्रोलचा कॅन ठेवायला आपल्याकडे विजेच्या मीटरच्या खोलीशिवाय दुसरी बंद जागा नाही. तेथे तो ठेवणे मुळीच योग्य नाही. त्यामुळे बॅटरीचे यंत्र मला अधिक सोयीचे वाटते. मात्र विक्रेत्याने सांगितलेले क्षेत्रफळ गृहीत न धरता, पूर्ण वाढलेल्या गवतात, उताराच्या वरच्या भागासह, आपली दोन्ही लॉन एका चार्जिंगमध्ये कापून दाखवावीत आणि बॅटरीची हमी किती वर्षांची हे लेखी द्यावे. हे जमत नसेल तर पेट्रोलचे घ्यावे, पण आधी इंधनासाठी इमारतीपासून दूर हवेशीर, कुलूपबंद जागा करावी.

देखभालीसाठी एक वही यंत्रासोबतच ठेवावी. पहिल्या लॉनमॉवरची कल्पना १८३० साली एडविन बडिंग यांना लोकरी कापडावरचे तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली, आणि ते मॉवर कात्रीसारखे कापत असे. आपण घेणार ते तसे कातरत नाही, केवळ वेगाच्या जोरावर फटकारते. म्हणून पाते बोथट झाले की गवताची टोके फाटतात आणि दोन दिवसांत लॉनवर पांढुरकी-पिवळी झाक येते. सुमारे २५ तासांच्या कामानंतर पात्यांना धार लावून त्यांचा तोल तपासावा. चाकांतली हवा दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर डेक कलते आणि कापणी एका बाजूला खोल जाते. नवीन यंत्राबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एवढेच असते. एका वेळी गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. हे पाळले तर बारीक कापलेले गवत लॉनवरच पडू देता येते, त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो आणि गोळा करण्याच्या पिशवीचा जादा सरंजाम घ्यावा लागत नाही.

तेव्हा विनंती अशी की, ५४ इंची यंत्राची मागणी तूर्त नोंदवू नये. ४२ इंची डेकच्या यंत्रांसाठी वरील बाबींचे रकाने घालून नवीन कोटेशन मागवावीत, आणि पुढचे प्रात्यक्षिक सपाट लॉनवर न घेता मधल्या फाटकातून सुरू करून उताराच्या वरच्या भागावर घ्यावे. दांड्या त्या वेळी माळीकाकांच्या हाती द्याव्यात, कारण पुढे यंत्र तेच चालवणार आहेत. मोजमापांचा कागद सोबत जोडला आहे. समितीला ती मापे पुन्हा तपासायची असल्यास फळी आणि लेव्हल माझ्याकडेच आहेत. कोणत्याही दिवशी सकाळी सातनंतर मी खाली येऊ शकेन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग

सोबत : फाटक, उतार व झाडांमधील अंतरांच्या मोजमापांचा तक्ता.