परवाना हातात पडेपर्यंत

इंदूर, रविवार, रात्र

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बोलता बोलता मी फोन एकदम बाबांच्या हातात दिला, याचे आज दिवसभर वाईट वाटत राहिले. हनोईला जाऊन तुला तीनच आठवडे झाले आहेत, एवढ्यात ऑफिसातल्या मुलींनी तुला आपल्यात घेतले आणि शुक्रवारी त्या तुला उत्तरेकडच्या 'हा जियांग' भागातल्या डोंगरात नेणार आहेत, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. पण भाड्याची मोटारसायकल तू स्वतः चालवणार, हे तू अगदी सहज सांगितलेस, आणि मी परवान्याचे विचारताच "आहे की, थायलंडला चालला होता" म्हणून हसलीस. त्यानंतर माझ्याने बोलवेना. या पत्रात तो विषय काढायचा नाही असे ठरवूनच बसले होते, पण आज दुपारी जे घडले त्यानंतर ते जमेलसे वाटत नाही.

तुझ्या टेबलाचा खण आवरत होते. जुन्या घड्याळाच्या डबीखाली तुझा मूळ परवाना सापडला, एमपी ०९ ने सुरू होणारा तो प्लॅस्टिकचा तुकडा. म्हणजे तुझ्याजवळ तिकडे केवळ आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका आहे. ती पुस्तिका आपल्या परवान्याचे एक प्रकारे भाषांतर असते, मुक्ता. मूळ कार्ड सोबत नसेल तर तिला कुठल्याच देशात किंमत नसते. पलासिया चौराह्यावर पोलिसाने अडवले तर डिजिलॉकरमधला परवाना दाखवून सुटता येते, म्हणून तुला कार्डाची आठवण झाली नसेल. सीमेपलीकडे ती सोय तुझ्या कामाची नाही.

आणि कार्ड जवळ असते तरीही व्हिएतनाममध्ये ती पुस्तिका चालली नसती. हे मला कालपर्यंत माहीत नव्हते, रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले तेव्हा कळले. आपल्या आरटीओतून हजार रुपये भरून वर्षभरासाठी मिळतो तो परवाना १९४९ च्या रस्ता वाहतुकीच्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेला असतो. थायलंड त्या करारात आहे, म्हणून तिथे तुला कोणी काही म्हटले नाही. व्हिएतनाम २०१४ मध्ये १९६८ च्या व्हिएन्ना करारात सामील झाला, आणि तिथे त्याच करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतात. भारत त्या करारात नाही. म्हणून तिथल्या पोलिसाच्या दृष्टीने त्या पुस्तिकेसह उभी असलेली तू आणि काहीच कागद नसलेला माणूस यांत फरक नाही.

तुझी मैत्रीण म्हणाली की पोलिसाला थोडे पैसे दिले की तो सोडतो. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दंडाचे नवे नियम आले आहेत. १२५ सीसीपर्यंतच्या गाडीवर विनापरवाना सापडल्यास २० ते ४० लाख डोंग आणि त्याहून मोठ्या गाडीवर ६० ते ८० लाख डोंग दंड आहे. म्हणजे लहान गाडीचाच दंड आपल्या सुमारे सात ते तेरा हजार रुपयांचा झाला. शिवाय गाडी जप्त होऊ शकते, आणि ती भाड्याने देणारा मालक ती तुझ्याकडे मागेल. पण खरे सांगते, दंडाचे मला काही वाटत नाही. दंड आपण भरू. पोलिसाने पैसे घेऊन सोडले, तर तुम्ही हसत पुढे जाल आणि पुढचा सगळा घाट विनापरवानाच चढाल, याची मला धास्ती आहे. त्याने सोडल्यामुळे परवाना वैध होत नाही.

अनिलमामाच्या वेळी तू सहा वर्षांची होतीस, तुला फक्त दवाखान्यातला जिना आठवतो असे तू म्हणतेस. सिमरोल घाटातल्या त्या वळणावर चूक ट्रकवाल्याची होती, हे पंचनाम्यातही लिहिले होते. तरीही विमा कंपनीने मामाच्या अपघात विम्याचे पैसे नाकारले, कारण त्याच्या परवान्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. वीस वर्षे गाडी चालवणारा माणूस चार महिन्यांत गाडी चालवायला विसरतो का, असे आजी त्या साहेबाला विचारत राहिली. तो बिचारा मान खाली घालून बसला होता. त्यानंतर मामीने काय काय केले ते तू पाहिले आहेस; दिवाळीत तिच्या हातच्या चकल्या आपण हौसेने मागवतो, त्या तिने हौसेने करायला घेतल्या नव्हत्या. तुझ्या प्रवास विम्याचा कागद तू जाताना मला पाठवला होतास. त्याच्या नवव्या पानावर दुचाकीच्या अपघाताबद्दल 'त्या देशात वैध असलेला परवाना' अशी अट आहे. मी ती ओळ तीन वेळा वाचली.

हे सगळे तुला भाषणासारखे वाटेल. तुझ्याएवढी असताना आईचे असे पत्र मीही शेवटपर्यंत वाचले नसते, म्हणून क्षमा कर. तू उतावळी नाहीस, हे मला ठाऊक आहे. परवान्याच्या परीक्षेत ८ चा आकडा काढताना तुझा पाय टेकला आणि तू नापास झालीस, तेव्हा एजंट शेजारीच उभा होता आणि बाबांचे मनही थोडे डळमळले होते. तू म्हणालीस, मी पुन्हा येईन. मग रोज सकाळी सहाला नेहरू स्टेडियमच्या मागे विटांचे दोन तुकडे ठेवून तू ८ काढत राहिलीस, आणि मी कठड्यावर बसून पाहत राहिले. दुसऱ्या खेपेला तुझा पाय टेकला नाही. त्या दिवशी राजवाड्यावरून पेढे आणताना मी दुकानदारालासुद्धा कारण सांगितले होते. व्हिएतनाममध्येही दुचाकीच्या परीक्षेत ८ चा आकडाच काढायला लावतात हे वाचले, तेव्हा त्या विटा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

माझी लुना तुला आठवत नसेल, ती तुझ्या जन्माआधीच विकली. ती ५० सीसीची होती. तिथे ५० सीसीच्या आतल्या गाडीला सोळा वर्षांपुढच्या कोणालाही परवाना लागत नाही. शहरात भाजी आणायला, ऑफिसला जायला तशी गाडी घेतलीस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण त्या डोंगरात कोणी ५० सीसीची गाडी घेऊन जात नाही. डोंग व्हानहून मेओ व्हाककडे जाताना लागणारा मा पी लेंगचा घाट सुमारे वीस किलोमीटरचा आहे. १९५९ ते १९६५ या काळात त्या डोंगरातला सगळा रस्ता माणसांनी हातांनी फोडला, आणि या घाटात तर कामगार दोरांना लटकून कडा फोडत होते. असा रस्ता माझ्या मुलीने पाहावा असे मला वाटते, खरोखर वाटते. तो तू मागच्या सीटवर बसून पाहा. तिथे गावची माणसे पर्यटकांना आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून नेतात. त्यांच्याकडे तिथला परवाना असतो, त्यांना प्रत्येक वळण पाठ असते, आणि तुला खालची न्हो क्वे नदी निवांत पाहता येईल. शिवाय तिथली वाहतूक उजव्या बाजूने चालते. इंदूरमध्ये वळण घेताना तुझी नजर जिकडे जाते, तिकडून तिथे गाडी येणार नाही.

आणि हे कायमचेही नाही. तीन महिने किंवा त्याहून अधिक राहण्याची परवानगी असलेल्या परदेशी माणसाला तिथे आपल्या देशाच्या परवान्यावरून त्यांचा परवाना घेता येतो, आणि तुझे तिथले रहिवासाचे कार्ड तर वर्षाचे आहे. त्यासाठी मूळ परवाना आणि त्याचे त्यांच्या भाषेतले प्रमाणित भाषांतर लागते. तुमच्या ऑफिसातल्या बाईंना विचार, त्यांनी दुसऱ्या कोणासाठी तरी केलेले असेलच. तो हातात पडला की मग तू चालव, मी विचारायचीसुद्धा नाही.

मागे बसतानाही हेल्मेट तुझे स्वतःचेच घाल. भाड्याच्या गाडीबरोबर देतात ती टोपीसारखी असतात असे वाचले. १ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडे हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा हुकूम निघाला, तेव्हा बाबा पंपावर शेजाऱ्याचे हेल्मेट मागत होते आणि तू त्यांना किती रागावली होतीस. त्यानंतर त्यांनी नवे आणले, ते अजून रोज घालतात.

कार्ड मी जाड पुठ्ठ्यात गुंडाळून पाकिटात घातले आहे. सोबत मेतकूट आहे, आणि दादाने तुझ्यासाठी ठेवलेला तो फोटो. उद्या सकाळी बाबा कुरिअरवाल्याकडे जाऊन येतील. शुक्रवारपर्यंत ते पोहोचणार नाही.

रागावू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. शुक्रवारसाठी ठरवलेली गाडी किती सीसीची आहे, ते तू काल सांगितले नाहीस. ती रद्द करताना आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नसतील तर ते मी पाठवते, बाबांना विचारायचे कारण नाही.