विषय: 'सायलेंट' म्हणून विकलेल्या कंप्रेसरचा आवाज, सहावी तक्रार

प्रति,
सर्व्हिस विभागाचे मॅनेजर,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन दहा मिनिटांपूर्वी ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय, उद्यावर टाकलं तर राग ओसरेल आणि मला तो ओसरायला नकोय. मशीन कुठलं ते समजावत बसत नाही, तुम्हीच बनवलंय. एक एचपी, ऑइल-फ्री, चाळीस लिटरची टाकी, डेंटल चेअरला दाबाची हवा पुरवणारं कंप्रेसर, बॉक्सवर मोठ्या अक्षरात सायलेंट. बिलाचा आणि नेमप्लेटचा फोटो जोडलाय, आधीच्या पाच मेलना पण जोडला होता.

जागा पुन्हा सांगते, कारण दर वेळी नवीन माणूस फोन उचलतो आणि परत पहिल्यापासून विचारतो. क्लिनिक चिपळूणला, बाजारपेठेतल्या जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या क्लिनिकमध्ये साडेसात फूट होतं. चेअर गेली, एक्सरे गेला, मागच्या पडवीतला कंप्रेसर चिखलात आडवा सापडला. तो पण तुमच्याच कंपनीचा होता, २००९ ला क्लिनिक उघडलं तेव्हा घेतलेला. धुऊन काढला, मोटर रिवाइंड केली, टाकी आतून गंजलेली ती बदलली आणि तो बाबा त्यानंतरही तीन वर्षं चालला. म्हणून तो शेवटी बसला तेव्हा मी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं कोटेशनसुद्धा मागवलं नाही. हे नीट वाचा, मी तुमची जुनी गिऱ्हाईक आहे.

पुरानंतर आमच्या गल्लीत महागाचं काहीही जमिनीवर कोणी ठेवत नाही. मीटर वर गेले, इन्व्हर्टर वर गेले, माझा कंप्रेसर पोटमाळ्यावर गेला. आणि पोटमाळ्याच्या वर चार फुटांवर पहिल्या मजल्याचा स्लॅब, त्याच्यावर वर राहणाऱ्या शेजारच्या काकूंची बेडरूम. ऑर्डर देतानाच हे सगळं तुमच्या सेल्सवाल्याला सांगितलं होतं, फोटो पाठवले होते, मला असं मशीन हवंय जे वरच्यांना ऐकू येणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. तो म्हणाला, "मॅडम बिनधास्त घ्या, ५२ डेसिबल आहे, फ्रीजएवढा आवाज." त्या एका वाक्यावर ३८,५०० रुपये भरले.

तिसऱ्या दिवशी काकू खाली आल्या. भांडायला नाही आल्या, त्या भांडणाऱ्यातल्या नाहीतच. म्हणाल्या, "अगो डॉक्टर, फडताळातली भांडी वाजतायत गो, मला आधी वाटलं भूकंपच." त्यांची सून हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस नाइट ड्युटी, सकाळी घरी येऊन नऊला झोपते. आणि माझी ओपीडी साडेनऊला सुरू. पेशंट असले की दर सात-आठ मिनिटांनी मशीन धडधडत चालू होतं, टाकीतला दाब साडेपाच किलोला उतरला की सुरू, आठ किलोला गेला की बंद, बंद होताना फस्स करून हवा सोडतं, आणि प्रत्येक वेळी ती पोरगी दचकून उठते. तुम्ही म्हणाल दिवसाचा आवाज आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला माहीत आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण रात्रभर वॉर्डात उभी राहिलेल्या बाईची रात्र सकाळी नऊला सुरू होते, तिला मी नियमाचा कागद दाखवू का? २०२१ च्या पुरात दोन दिवस आम्ही चौघं ह्याच काकूंच्या घरात होतो, त्यांनी स्टोव्ह जपून वापरत आम्हाला पेज करून घातली. त्यांच्या डोक्याशी मी हे यंत्र आणून बसवलंय. मला लाज वाटते जिना चढायची.

आता आजचा फोन. सकाळी ११:४० चा, तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असं तुमचीच बाई सुरुवातीला सांगते, तर काढा आणि स्वतः ऐका. चौदा मिनिटं होल्डवर, माझ्या खुर्चीत भूल दिलेला पेशंट बसलेला. मग एक मुलगा आला. मी शांतपणे सांगितलं की मशीनचं कंपन स्लॅबमधून वर जातंय, पायाखालचे रबर बदलून द्या आणि टाकीपासून लाइनला जोडायला फ्लेक्सिबल होज द्या. तो म्हणाला, "मॅडम, कंप्रेसर आहे, आवाज तर येणारच." मी म्हटलं अहो बॉक्सवर सायलेंट लिहिलंय. तर तो म्हणतो, "ते मॉडेलचं नाव आहे, मॅडम."

मॉडेलचं नाव. मी दोनदा विचारलं, परत म्हणा. त्याने परत म्हटलं. मग लोकेशन विचारलं, चिपळूण म्हटल्यावर म्हणाला, "तुमच्याकडे गाव साइडला शांतता जास्त असते ना, म्हणून तुम्हाला आवाज जास्त वाटतो, मुंबई-पुण्याच्या कस्टमरची अशी कंप्लेंट नसते." म्हणजे आमच्याकडे शांतता आहे हा आमचा दोष. मी म्हटलं मग आता काय करू, तर म्हणाला मशीनवर एखादी गोधडी टाका. गोधडी! तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय की चारही बाजूंनी एक फूट जागा मोकळी ठेवा, मशीन झाकू नका, झाकल्यामुळे मोटर जळली तर वॉरंटी लागू नाही. मी मॅन्युअल हातात घेऊन ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला, मला वाटलं आता तरी वरच्याला देईल. तर म्हणतो, "ओके मॅडम, मग कंप्लेंट क्लोज करू का?" मी नाही म्हटलं. स्पष्ट नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला, आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया पाच स्टार द्या. खुर्चीतल्या पेशंटची भूल तोपर्यंत उतरायला लागली होती, त्यांना परत इंजेक्शन दिलं. ते बिचारे काही बोलले नाहीत.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे शिकवलंय ते तो बोलला. राग तुमच्यावर आहे, तुम्हाला हे सगळं माहीत असताना.

५२ डेसिबल हा आकडा किती अंतरावरचा? तुमच्या ब्रोशरमध्ये कुठेही नाही, तीन वेळा शोधलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे एका मीटरवर ६४ असलेलं मशीन चार मीटरवर ५२ दाखवणार. अंतर लिहिलं नाही की कोणीही काहीही छापू शकतं. आणि चार फुटांच्या पोटमाळ्यात, चारही बाजूला सिमेंट, तिथे आवाज उतरायला मोकळी जागाच नाही. माझ्या जुन्या मशीनच्या प्लेटवर १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, होतं, ह्या नवीनवर २८५० आहे. तेवढीच हवा दुप्पट स्पीडने काढायची, लहान स्वस्त मोटर घालायची, आणि वर सायलेंट लिहायचं. जुनं मशीन ठोक ठोक करायचं, हे किंचाळतं.

पण खरं सांगायचं तर हवेतून येणारा आवाज ही अर्धीच गोष्ट आहे. तुमचा बसवायला आलेला माणूस मशीनच्या पायांतून फास्टनर, म्हणजे बोल्ट, घालून थेट पोटमाळ्याच्या स्लॅबला आवळून गेला, इतकं की पायांचे रबर चपटे होऊन भाकरीसारखे झाले. रबर दबून दगड झाला की त्याचा उपयोग काय? वरून टाकीतून निघालेला कॉपर पाइप सरळ भिंतीला क्लिप मारून नेला, मधे वीतभर सुद्धा होज नाही. म्हणजे मशीन हललं की बिल्डिंग हलते. काकूंची भांडी हवेने वाजत नाहीत, स्लॅबने वाजतात.

हे मी मनाने बोलत नाही, करून बघितलंय. गेल्या रविवारी क्लिनिक बंद असताना आमच्या फिटरला बोलावलं, तुमचे फास्टनर काढले, पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब आणल्या, अर्धवट हवा भरून जाड प्लायवूडखाली ठेवल्या आणि मशीन त्याच्यावर. पाइप कापून मधे दोन फूट ब्रेडेड होज टाकला, सैल वळसा देऊन. प्रेशर स्विच आठ किलोवरून सहावर आणला, कारण हँडपीसला, म्हणजे दात कोरायच्या हत्याराला, अडीच-तीन किलोच्या वर लागतच नाही, आठपर्यंत ओढत न्यायचं तर शेवटी मोटर कण्हायला लागते. मग काकूंना वर बसवलं आणि खालून मशीन चालू केलं. त्या म्हणाल्या, "लाव ना आता." मी म्हटलं काकू, लावलंय.

क्लिनिकमध्ये आवाज जवळपास तेवढाच आहे, मोबाइलच्या ॲपवर आधी ६९ होता आता ६७. पण वर भांडी गप्प. सगळा खर्च फिटरच्या मजुरीसकट ९०० रुपये. जे ९०० रुपयात चिपळूणच्या फिटरला जमलं ते ३८,५०० घेऊन तुम्हाला का जमलं नाही हे मला लेखी हवंय. ट्यूब कायमची नाही, महिन्या-दोन महिन्यांनी हवा उतरणार, प्लायवूड पावसाळ्यात फुगणार, चाळीस लिटरच्या टाकीत दाबाची हवा असताना ते कलतं ठेवायची मला भीती वाटते. म्हणून पायाखालचे रबर तुम्ही द्यायचे, ह्या मशीनच्या वजनाला बसणारे, चपटे न होणारे. रबराचं मी पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं, तिसऱ्यात लिहिलं होतं, आज परत लिहितेय.

मधे एकदा तुमच्या डीलरने सुचवलं की ऑइलवालं छोटं मॉडेल घ्या, फ्रीजच्या कंप्रेसरवर चालणारं, ते खरंच शांत असतं, फरक भरा आणि बदलून घ्या. शांत असतं हे मान्य. पण दाताच्या पोकळीवर मी जी हवा मारते तिच्यात तेलाचा अंश आला तर फिलिंग दाताला धरत नाही, आणि ती हवा माणसाच्या तोंडात जाते. तुम्ही डेंटलवाल्यांनाच मशीन विकता, तुम्हाला हे मी सांगायचं? दुसरा उपाय आला तो साउंडप्रूफ कॅबिनेटचा, १८,००० जास्त, त्याला एक्झॉस्ट फॅन आहे का विचारलं तर नाही. मे महिन्यात आमच्या पोटमाळ्यावर नुसतं बसलं तरी घाम टिपकतो, बंद पेटीत मोटर पंधरा मिनिटांत ट्रिप होईल आणि माझ्या हातात पेशंटचा अर्धा कोरलेला दात.

मला काय हवंय ते लिहिते. कंपनीचा माणूस, डीलरचा नाही, येऊन योग्य रबर माउंट आणि होज बसवून देईल, हवा ओढायच्या तोंडाला मोठा सायलेन्सर फिल्टर लावेल, तिथूनही बराच आवाज येतो, कान नेला की कळतं. नाहीतर मशीन परत न्या आणि ३८,५०० परत करा. आणि ब्रोशरमध्ये डेसिबलच्या पुढे अंतर छापा, पुढचा डॉक्टर तरी फसणार नाही.

पंधरा दिवस देते. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. धंद्यासाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहक नाही, हे उत्तर तयार ठेवलं असेल तर राहू दे, स्वयंरोजगारासाठी स्वतःच्या पोटापाण्याला घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात ग्राहकातच मोडते. आणि तक्रार मी राहते तिथे करता येते, म्हणजे तुमच्या वकिलाला कोकणात यावं लागेल. मला हे करायची हौस नाही. सोळा वर्षं तुमचं नाव मी विश्वासाने सांगत आलेय, दापोलीच्या आणि गुहागरच्या दोघा डॉक्टरांनी माझ्या शब्दावर तुमचं मशीन घेतलंय. त्या दोघांना मी कालच फोन करून सांगितलं की पायाचे फास्टनर ढिले करून बघा.

फोन करायचा असेल तर दुपारी दीड ते चारच्या मधे करा. तेव्हा मी मशीन बंद ठेवते, वरची सून तेवढा वेळ नीट झोपते.

एक डेंटिस्ट, चिपळूण