स्टॅक ट्रेस दिला, तरी तक्रार बंद का केली?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: वजन-लेबल प्रोग्रॅम वारंवार बंद पडण्याबाबत

महोदय,

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. तिथला तुमचा प्रोग्रॅम लेबल छापताना दिवसातून तीन-चारदा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) दाखवून बंद पडतो. लेबलाशिवाय पेटी प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, जात नाही आणि तोडलेला माल उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर थांबतो.

तुमच्या माणसाने स्टॅक ट्रेस मागितला, म्हणजे प्रोग्रॅम पडला तेव्हा कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं याची यादी. आधी कोअर फाईलच (प्रोग्रॅम पडतानाच्या मेमरीची प्रत) तयार होत नव्हती, तिच्या आकाराची मर्यादा शून्यावर होती. ‘युलिमिट’ कमांडने ती उठवली, पुढच्या वेळी प्रोग्रॅम पडल्यावर कोअर फाईल जीडीबी या चुका शोधायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, ट्रेस दाखवणारी ‘बीटी’ कमांड दिली आणि आलेला मजकूर जसाच्या तसा पाठवला. उत्तर आलं, ‘फंक्शनच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं आहेत, उपयोग नाही.’ तक्रार बंद!

ती प्रश्नचिन्हं तुमच्यामुळे आहेत. प्रोग्रॅम आम्हाला देताना त्यातली सिम्बॉल्स (फंक्शनची नावं वगैरे) तुम्हीच स्ट्रिप केलीत, म्हणजे काढून टाकलीत. बिल्ड आयडी (प्रोग्रॅमच्या त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) जुळणारी, सिम्बॉल्स असलेली फाईल तुम्ही जपली असेल, तर ट्रेसमधल्या मेमरीच्या पत्त्यांवरून फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांक निघतो. ते मी इथे बसून करू शकत नाही.

आणि आहे त्या ट्रेसमध्येही पुष्कळ आहे. सर्वांत वरची फ्रेम, म्हणजे ट्रेसमधली नोंद, सी लायब्ररीतल्या मजकुराची लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ची, तिचं नाव स्वच्छ दिसतं. तिला बोलावणारी फ्रेम तुमची. प्रोसेसरचे रजिस्टर पाहिले तर त्यातलं आरडीआय शून्य. इंटेल-एएमडीच्या ६४-बिट लिनक्सवर फंक्शनला दिलेला पहिला अर्ग्युमेंट त्यातूनच जातो, म्हणजे नल पॉइंटरची (मजकूरच नसलेल्या शून्य पत्त्याची) लांबी मोजायला सांगितली गेली. पाचही कोअर फाईलींत हेच आहे. मग नोंदी ताडून पाहिल्या. प्रोग्रॅम पडला त्या प्रत्येक वेळी बागेच्या प्लॉट क्रमांकाचा रकाना रिकामा होता.

स्थानिक बाजारच्या मालाला तो रकाना रिकामाच असतो. सध्या मी तिथे टिंब टाकायला सांगितलंय. पण गर्दीच्या रात्री निर्यातीच्या पेटीवर तेच टिंब गेलं, तर अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या माग काढणाऱ्या प्रणालीतून त्या पेटीचा माग प्लॉटपर्यंत लागणार कसा? बागाईतदाराने वर्षभर औषधांच्या नोंदी ठेवल्या त्या याचसाठी ना?

तक्रार पुन्हा उघडा आणि ट्रेस विकासकाकडे द्या. रिकामा रकाना तपासणारी दुरुस्ती या आठवड्यात हवी. कोअर फाईली मेलवर पाठवणार नाही, त्यांत शेतकऱ्यांचे खाते क्रमांक असू शकतात. तुमचा माणूस इथे येऊन त्या पाहू शकतो.

आपली ग्राहक,
संगणक विभाग, द्राक्ष पॅकहाऊस,
दिंडोरी रस्ता, नाशिक