लाच घेणारा दर उतरवत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

धर्म आणि हिंसेवरील रविवारच्या लेखात प्राचीन ज्यूंचे पशुयज्ञ ‘देवाला दिलेली लाच’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहेत. लेखकांनी बायबलमधला लेवीय ग्रंथ तरी चाळायला हवा होता. शेजाऱ्याची वस्तू लुबाडून वर खोटी शपथ घेणाऱ्याला दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाच्या प्रायश्चित्ताचा, मेंढा घेऊन थेट वेदीकडे जाता येत नसे. आधी वस्तू आणि वर किमतीचा पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत, मग मेंढा. पापार्पण, म्हणजे पाप धुण्यासाठीचे अर्पण, मुख्यतः नकळत घडलेल्या चुकांसाठी होते. ऐपत नसेल तर दोन पारवे, तेही न जमल्यास थोडे सपीठ चाले. लाच घेणारा असा दर उतरवतो का? शिवाय बायबलच्या ५०व्या स्तोत्रात देव साफ सांगतो, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही.

खरा वाद पुढे ज्यू विचारवंतांतच झाला. बाराव्या शतकात मायमोनिडीसने म्हटले, आजूबाजूचे सगळे लोक पशू अर्पूनच पूजा करत. ती सवय एका रात्रीत सुटणारी नव्हती, म्हणून देवाने रीत ठेवली, पण ती एक मंदिर आणि एका पुरोहितकुळापुरती बांधून टाकली. तेराव्या शतकात नाखमानिडीस यावर चिडलाच. त्याचा सवाल असा: महाप्रलयातून फक्त आपल्या कुटुंबासह वाचलेल्या नोहाने तारवातून उतरल्यावर अर्पण केले, तेव्हा नक्कल करायला जगात उरले होते कोण? त्याच्या मते पाप कृती, वाणी आणि विचारांतून घडते, म्हणून पशूवर हात ठेवणे कृतीसाठी, कबुली वाणीसाठी, आतडी व मूत्रपिंडे जाळणे विचार-वासनेसाठी; आणि सांडलेले रक्त पाहून माणसाला वाटावे, इथे खरे तर माझे रक्त सांडायला हवे होते.

इतिहास म्हणून मला मायमोनिडीस पटतो. पण वेदीसमोर उभ्या माणसाच्या मनात काय चालावे, हे नाखमानिडीसच सांगतो. (मुक्या जनावराने त्यासाठी का मरावे, याचे उत्तर दोघांकडूनही मला मिळाले नाही.)

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. प्रायश्चित्ताची जागाच गेली म्हणून हळहळणाऱ्या शिष्याला ज्यू धर्मगुरू योहानान बेन झक्काई यांनी सांगितले, तितकेच मोलाचे दुसरे प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कृत्ये. आणि आधाराला होशेय संदेष्ट्याचे वचन दिले, ‘मला यज्ञ नको, दया हवी’. लेखमालेच्या पुढच्या भागात लेखकांनी निदान एवढ्याची दखल घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, पेण